चेन सॉ घेताना बार किती इंची घ्यावा?

खानदेशात पूर्वी झाड पाडायचे म्हणजे कुऱ्हाड, दोर आणि दोन माणसांनी ओढायची करवत एवढाच सरंजाम असे. बांधावरची एक जुनी बाभूळ आडवी करून तिचे तुकडे करायला दोन गड्यांचा दिवस मोडे. आता असे काम करणारे गडी मिळत नाहीत, आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही. त्यामुळे पेट्रोलवर चालणारे चेन सॉ, ज्याला गावात नुसते 'कटर' म्हणतात, ते जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अनेक गावांत पोचले आहे. कोणी स्वतःच्या शेतापुरते घेतो, कोणी भाड्याने कामे करण्यासाठी घेतो.

यंत्र घेताना शेतकरी बहुधा दोनच प्रश्न विचारतो. किंमत किती आणि बार किती इंची? दुकानात २२ इंची बार लावलेले यंत्र दिसले की तेच जास्त काम करील असे वाटते. प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. लहान इंजिनाला लांब बार लावला की साखळी लाकडात अडकते, क्लच जळतो, बार निळा पडतो आणि धरणारा माणूस लवकर थकतो. थकलेल्या माणसाच्या हातात चालू साखळी असणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. म्हणून बारची लांबी कशी ठरवावी आणि यंत्राची जुळणी कशी करावी याची माहिती या लेखात दिली आहे.

बार म्हणजे काय आणि तो कसा मोजावा?

ज्या पोलादी पट्टीच्या खोबणीतून साखळी फिरते तिला बार म्हणतात. बारची लांबी सांगताना पूर्ण पट्टी मोजत नाहीत. यंत्राच्या पुढच्या कडेपासून बारच्या टोकापर्यंत जेवढा भाग लाकडात जाऊ शकतो, तेवढीच लांबी धरतात. यंत्राच्या तोंडाशी पकड घेण्यासाठी लोखंडी काटे असतील तर कामाची लांबी आणखी इंचभर कमी होते. म्हणजे १८ इंची बार प्रत्यक्षात १७ इंचांच्या आसपास कापतो असे समजून चालावे.

झाडाची जाडी आपण घेराने मोजतो, पण बार निवडायला व्यास लागतो. जेथे काप घ्यायचा तेथे दोरी गुंडाळून घेर मोजावा, त्याला ७ ने गुणून २२ ने भागावे. उदाहरणार्थ, बाभळीचा घेर ४४ इंच भरला तर तिचा व्यास १४ इंच झाला. कडुनिंबाचा घेर ५५ इंच असेल तर व्यास साडेसतरा इंच. आपल्या बांधावरची आठ-दहा झाडे या रीतीने मोजून पाहिली की कोणत्या जाडीचे काम आपल्याला खरोखर जास्त आहे ते कळते. बहुतेकांना असे आढळेल की चिंचेचे किंवा आंब्याचे एखादे झाड सोडले तर बाकीचे काम १६ इंचांच्या आतले आहे.

लांबी इंजिनाच्या ताकदीवरून ठरवावी

लाकडात एका वेळी जितके दात चालतात तितका भार इंजिनावर येतो. बार लांब असेल आणि तो पूर्ण लाकडात गेला तर जास्त दात एकदम ओढावे लागतात. शिवाय लांब साखळीचे वजन आणि बारवरचे घर्षणही वाढते. इंजिनात तेवढा जोर नसेल तर साखळी मंदावते, पण वरून पूर्ण रेस दिलेली असते. अशा वेळी क्लच घसरून तापतो. क्लच वारंवार जळण्याचे हे मुख्य कारण आहे.

म्हणून बार निवडताना खालील तक्ता उपयोगी पडेल.

| इंजिन | योग्य बार | कोणत्या कामास |
|---|---|---|
| ३० ते ४० सीसी | १२ ते १६ इंच | फांद्या, वेडी बाभूळ, सरपण |
| ४५ ते ५५ सीसी | १६ ते १८ इंच | बांधावरची बाभूळ, कडुनिंब, निलगिरी, सुबाभूळ |
| ५५ ते ६५ सीसी | १८ ते २० इंच | जाड कडुनिंब, जाड निलगिरी, ओंडके |
| ७० सीसीपेक्षा जास्त | २० ते २५ इंच | जुनी चिंच, आंबा, वड |

नुसत्या सीसीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. सारख्याच सीसीच्या दोन यंत्रांत प्रत्यक्ष ताकद वेगळी असू शकते. माहितीपत्रकात शक्ती किलोवॅटमध्ये दिलेली असते, ती पाहावी आणि तेथेच छापलेली बारची शिफारस वाचावी. बाभूळ, खैर, अंजन यांसारखे कठीण लाकूड रोज कापायचे असेल तर तक्त्यातील लहान आकडा धरावा. निलगिरी, सुबाभूळ यांचे ओले लाकूड असेल तर मोठा आकडा चालतो.

लांब बारचा आणखी एक खर्च सहसा लक्षात येत नाही. ०.३२५ इंच पिचच्या साखळीत साधारणपणे खोबणीतल्या दर दोन कड्यांमागे एक कापणारा दात असतो. १८ इंची बारवर ७२ कड्यांची साखळी बसली तर ३६ दात झाले. २२ इंची बारवर ८६ कड्यांची साखळी म्हणजे ४३ दात. प्रत्येक वेळी धार लावताना सात दात जास्त घासावे लागतात, आणि एखादा खिळा लागला तर तेवढे जास्त दात खराब होतात.

आपल्या भागातील निरनिराळी कामे

१) बांधावरची बाभूळ, हिवर आणि वेडी बाभूळ: ही झाडे काटेरी, वाकडी आणि बुडाशी अनेक खोडे फुटलेली असतात. लांब बारचे टोक पलीकडच्या खोडाला लागून यंत्र उसळण्याचा धोका असतो. येथे १४ ते १६ इंची बार सर्वात सोयीचा. आधी कोयत्याने काट्या आणि बारीक फांद्या काढून उभे राहण्यास जागा करावी, मग यंत्र सुरू करावे. वाळलेल्या बाभळीचे लाकूड ओल्यापेक्षा पुष्कळ कठीण जाते. शक्य तर पाडल्याबरोबर ओलेपणीच तुकडे करून घ्यावेत.

२) निलगिरी आणि सुबाभूळ: १९८० नंतरच्या काळात निलगिरीची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात तर निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्थाही उभी राहिली. सरळ, एका जाडीच्या झाडांना १६ इंची बार पुरतो. बुडातून पुन्हा फूट घ्यायची असल्यास जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर उंचीवर, किंचित तिरपा व स्वच्छ काप घ्यावा. साल फाटू देऊ नये. साखळी मातीला लागली तर एका क्षणात धार जाते, म्हणून बुडाभोवतीची माती आधी ओढून घ्यावी.

३) सागाची बांधावरची झाडे: १६ ते १८ इंची बार योग्य. सागाच्या लाकडाला किंमत जाडी व लांबीवर मिळते, त्यामुळे बुंधा शक्य तितका खाली आणि चीर न पडता कापणे महत्त्वाचे आहे.

४) जुनी चिंच, आंबा, वड: आठ-दहा फूट घेराच्या एका झाडासाठी मोठे यंत्र विकत घेणे परवडत नाही. असे काम ७० सीसीपेक्षा मोठे यंत्र असलेल्या अनुभवी माणसाकडून भाड्याने करून घ्यावे. आपल्या १६ किंवा १८ इंची यंत्राने त्याच झाडाच्या फांद्या व तुकडे करता येतात, आणि बहुतेक काम तेच असते.

५) वादळात पडलेली झाडे: मे-जूनमध्ये रावेर, यावल, चोपडा भागात वादळी वारे केळीचे नुकसान करतात, तशीच बांधावरची झाडेही रस्त्यावर आणि बागेत आडवी होतात. हे सर्वात धोक्याचे काम आहे, कारण खोड कोठे दाबलेले तर कोठे ताणलेले असते. येथे १६ इंचांपेक्षा मोठा बार वापरू नये. टोक कोठे आहे ते सतत दिसले पाहिजे. जी बाजू दाबाखाली आहे त्या बाजूने आधी एक तृतीयांश काप घ्यावा आणि मग ताणाच्या बाजूने काप पूर्ण करावा. दोन्ही टोके टेकलेल्या खोडाला वरची बाजू दाबाखाली असते, तर एक टोक अधांतरी असलेल्या खोडाला खालची. मुळांसह उपटलेल्या झाडाचे खोड कापल्यावर मुळांचा गड्डा एकदम उलटून जागेवर बसू शकतो. त्या खड्ड्यात कोणालाही, विशेषतः मुलांना, उतरू देऊ नये.

६) फळबागेची छाटणी: लिंबू, बोर, डाळिंब यांच्या छाटणीला कात्री आणि हातकरवत हीच खरी अवजारे. जुनी बाग काढायची असेल तेव्हाच १२ इंची बारचे हलके यंत्र वापरावे.

७) केळी आणि पऱ्हाटी: केळीचे खोड कापण्यासाठी हे यंत्र वापरू नये. खोडातील धागे साखळीत व स्प्रॉकेटमध्ये गुंततात, आणि चीक आत साचतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांसारख्या बारीक काड्या तर साखळी पकडून अंगावर फेकते. या दोन्ही कामांना कोयता व कुऱ्हाडच बरी.

बार, साखळी आणि स्प्रॉकेट यांचा मेळ

बार बदलताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिवेटांमधील अंतराचा निम्मा भाग. गेज म्हणजे बारच्या खोबणीत चालणाऱ्या कड्यांची जाडी. तिसरी गोष्ट म्हणजे त्या कड्यांची एकूण संख्या. बारच्या मागच्या टोकाजवळ हे तिन्ही आकडे बहुधा कोरलेले असतात. पिच आणि गेज यंत्राच्या स्प्रॉकेटशी व बारशी जुळले नाहीत तर साखळी उडते किंवा खोबणी पसरते. केवळ 'अठरा इंची चेन द्या' असे न म्हणता जुनी साखळी बरोबर न्यावी आणि कडी मोजून घ्यावीत.

ज्यांच्याकडे आधीच २२ इंची बारचे ५२ किंवा ५८ सीसीचे यंत्र आहे, त्यांनी यंत्र बदलण्याची गरज नाही. त्याच पिचचा, त्याच गेजचा आणि त्याच यंत्राला बसणारा १६ किंवा १८ इंची बार व दोन साखळ्या घ्याव्यात. रोजच्या कामाला लहान बार लावावा. यंत्र हलके लागते, काप लवकर होतो आणि पेट्रोलही वाचते.

साखळीचे दात दोन प्रकारचे मिळतात. चौकोनी कोपऱ्याचा दात स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने कापतो पण मातीत लवकर बोथट होतो. गोलसर कोपऱ्याचा दात थोडा हळू कापतो, मात्र धूळ, वाळलेले लाकूड आणि कठीण लाकूड यांत धार टिकवतो. आपल्याकडील काळ्या मातीची धूळ सालीत भरलेली असते, आणि बांधावरच्या झाडांना तारेच्या कुंपणाचे खिळे असतात. म्हणून खानदेशात गोलसर दातांची साखळीच घ्यावी.

धार लावणे

ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, यंत्र दाबावे लागले किंवा धूर निघू लागला की धार गेली असे समजावे. ०.३२५ पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, तर लहान यंत्रांवरील ३/८ इंच ठेंगण्या साखळीला ४ मिलिमीटरची. कानस दाताच्या आतून बाहेर एकाच दिशेने, साधारण ३० अंशांत चालवावी. कठीण लाकडासाठी २५ अंश धरले तर धार जास्त टिकते. प्रत्येक दाताला सारखेच, तीन किंवा चार, हात द्यावेत. एका बाजूचे दात लहान झाले तर काप वाकडा जातो.

दातापुढचा छोटा उंचवटा दात लाकडात किती खोल जावा ते ठरवतो. तो दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. वाळलेली बाभूळ, अंजन अशा लाकडासाठी ०.५ मिलिमीटर पुरे. तो जास्त घासला तर साखळी लाकूड पकडून झटके देते, आणि लहान इंजिन बंद पडते. दर चार-पाच वेळा धार लावल्यावर मापपट्टीने तो तपासावा.

ताण आणि तेल

साखळी थंड असताना ताणावी. बारचे टोक वर उचलून धरावे, साखळी बारच्या खालच्या कडेला चिकटलेली दिसेपर्यंत स्क्रू फिरवावा आणि मग नट आवळावेत. हातमोजा घालून साखळी हाताने सहज फिरली पाहिजे. नवी साखळी पहिल्या तासात ढिली होते, तेव्हा वारंवार पाहावी. काम संपल्यावर ताण थोडा कमी करावा, कारण तापलेली साखळी थंड होताना आखडते.

बार जितका लांब, तितके जास्त तेल टोकापर्यंत पोचावे लागते. यंत्र कागदावर किंवा बुंध्यावर टोक करून फिरवले असता तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपली तरी तेलाची टाकी भरलेलीच राहिली तर तेलाचे छिद्र बुजले आहे असे समजावे. उन्हाळ्यात जळगाव, भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत तेल पातळ होऊन उडून जाते, म्हणून जरा घट्ट तेल वापरावे. ट्रॅक्टरमधून काढलेले जळके तेल वापरू नये. त्यातील लोखंडी कण पंप आणि बार खातात.

दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडांना आलेली कूस चपट्या कानशीने काढावी आणि खोबणीतला भुसा साफ करावा.

इंजिनाच्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच मिसळावे. १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४० मिलिलिटर. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, त्यामुळे मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त साठवू नये.

झाड पाडताना

पाडायच्या दिशेला बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खोल खाच घ्यावी. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर, दुसरा काप घ्यावा. दोन्ही कापांमध्ये व्यासाच्या दहाव्या भागाइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवावी. ही पट्टी बिजागरीचे काम करते आणि झाड ठरल्या दिशेला बसते. १४ इंची बाभळीला तीन इंचांची खाच आणि दीड इंचाची बिजागरी होईल. बिजागरी पूर्ण कापली तर झाड कोठे जाईल याचा भरवसा नाही.

बारपेक्षा जाड बुंधा दोन बाजूंनी कापता येतो, परंतु बारच्या कामाच्या लांबीच्या दुपटीपेक्षा जाड झाडाला नवख्याने हात घालू नये. एका बाजूला झुकलेली निलगिरी किंवा कडुनिंब कापताना बुंधा उभा चिरफळून मागे येऊ शकतो. असे झाड अनुभवी माणसावर सोपवावे.

सुरक्षिततेसाठी

१) बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागू देऊ नये. त्यामुळे यंत्र डोक्याकडे उसळते. साखळीचा ब्रेक रोज तपासावा.
२) यंत्र दोन्ही हातांनी धरावे, शिडीवर चढून किंवा खांद्यापेक्षा वर उचलून वापरू नये.
३) यंत्र जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत उजवा पाय घालून सुरू करावे.
४) झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नसावे. वीजतारा, विहीर आणि गोठा आधी पाहून ठेवावेत. मागे तिरपे सरकण्याची वाट मोकळी ठेवावी.
५) धोतर, उपरणे, गळ्यातला रुमाल यांसह काम करू नये. बूट, चष्मा, कानांना बोळे आणि जाड पँट एवढे तरी असावेच.
६) उन्हाळ्यात सकाळी काम करावे. तापलेल्या यंत्रात पेट्रोल भरू नये.

परवानगी

झाड आपल्या बांधावरचे असले तरी ते आपल्या मर्जीने तोडता येतेच असे नाही. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ सालचा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, चंदन अशी झाडे त्याच्या अनुसूचीत येतात व त्यांना परवानगी लागते. शहरी भागासाठी १९७५ सालचा वेगळा कायदा आहे. लाकूड वाहून नेण्याचेही नियम आहेत व ते बदलत असतात. तेव्हा यंत्र सुरू करण्यापूर्वी वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारणा करावी. एक झाड काढले तर त्याच बांधावर दोन लावण्याची सवय ठेवावी.

थोडक्यात, जे काम आपल्याला रोज आहे ते पूर्ण करणारा सर्वात लहान बार निवडावा, तो इंजिनाला झेपणारा असावा आणि त्यावर धारदार साखळी असावी. १६ इंची बार आणि चांगली धार असेल तर बांधावरचे बहुतेक काम निर्धास्तपणे होते. बोथट साखळीचा २२ इंची बार दिसायला मोठा दिसतो, पण संध्याकाळी लाकूड कमी आणि दुखणे जास्त घेऊन घरी येतो.